वरचा डोह

"बापानं मनावर घेतलं ना, तर एका रविवारात पोरं परत आपली होतात! एका रविवारात!"

शनिवारी संध्याकाळी घराच्या ओट्यावर उभं राहून काळूरामनं हे जाहीर केलं. आवाज असा, की समोरच्या चिंचेवरचे दोन कावळे उठून गेले. एवढं मोठं वाक्य तो जन्मात पहिल्यांदाच बोलला होता. त्यामुळे त्यापुढे काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"घ्या की मनावर," त्याची बायको कमळ आतून म्हणाली. "पन आधी दळान आणा. गिरन बंद व्हईल."

काळूराम दळण घेऊन आला. भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं तेच वाक्य एकदा हळूच म्हणून पाहिलं, पण त्यात मघाचा जोर राहिला नव्हता.

काळूराम मुरबाडकडच्या एका हायस्कुलात शिपाई होता. वऱ्हांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यानं दांडा हाणला की सहाशे मुलं उठत, पुन्हा हाणला की बसत. बावीस वर्षं तो हे करत होता. घरात मुलं दोनच. मोठा प्रज्वल, नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, आणि आठवीतली भाविका. ही दोघं मात्र त्यानं काहीही वाजवलं तरी उठत नसत आणि बसतही नसत.

खरं तर त्याचं हे सगळं दिवाळीनंतरच्या पालकसभेपासून सुरू झालं. "वाढत्या वयातल्या मुलांना पैसा नको, तुमचा वेळ हवा," असं हेडसर पाऊण तास सांगत होते. समोरचे पालक भात झोडून आलेले. ते एकमेकांच्या खांद्यावर झोपले होते. भाषण कानात शिरलं ते फक्त चहाचा ट्रे धरून दारात उभ्या असलेल्या शिपायाच्या. ट्रे हातात असल्यामुळे त्याला कान झाकता आले नाहीत.

पुढच्याच रविवारी तो मुलांना तानशाला घेऊन गेला. दोन एसट्या आणि एक टमटम. धरण बघायला काही पडत नाही, हे त्यानं आधी विचारून ठेवलं होतं. त्यानं शाळेसारखं वेळापत्रकच केलं होतं: पस्तीस मिनिटं पाणी बघणं, दहा मिनिटं भाकरी, पस्तीस मिनिटं पुन्हा पाणी.

"ह्या पानी मुंबईला जातं ना?" तिसाव्या मिनिटाला प्रज्वलनं विचारलं.

"हो!" काळूरामला भरून आलं. मुलगा काहीतरी विचारत होता.

"मग आपन हिकडं कशाला आलो?"

त्यानंतर कसारा. घाट चढणाऱ्या गाडीला मागून आणखी इंजिन लावतात, ते फलाटावरून बघायचं. ते त्यानं बाकावर बसून भक्तिभावानं दाखवलं. भाविका म्हणाली, "बाबा, मागचा इंजिन तुमच्यासारकाच हाय. नुसता ढकलतंय." दोघं हसली, पण तोंडावर हात ठेवून. शाळेत हसतात तसं.

मग म्हसा गावची जत्रा. तिथं त्यानं भाविकाला चपला घेतल्या, निळ्या पट्ट्यांच्या. चपला घालून ती जी गेली ती दोन तासांनी सापडली. भाऊ-बहीण दोघंही बैलबाजारात नथूच्या शेजारी, जमिनीवर बसून, एका बैलाचे दात बघत होती.

नथू हा काळूरामचा चुलतभाऊ. लग्न नाही, सातवीच्या पुढे शिक्षण नाही. घराचं दार लागत नाही, सायकलला ब्रेक नाही, पुढचे दोन दात नाहीत. जगात नथूचं असं काहीच नव्हतं की ज्याचा हेवा वाटावा. आणि काळूरामला दिवसरात्र नथूचा हेवा वाटत होता. कारण परीक्षा संपल्यापासून त्याची मुलं दर रविवारी नथूबरोबर ओढ्यावर जात. त्याच्याशी अरे-तुरे करत. चिखलानं माखून, चार मासे घेऊन घरी येत आणि जेवताना एकमेकांकडे बघून हसत सुटत. बापानं "काय झालं?" विचारलं की "काय नाय" म्हणत आणि खाली बघून भात कालवत.

गेल्या रविवारी भाविका एकाच पायात चप्पल घालून आली.

"दुसरी?"

"कुत्र्यानं पळवली," ती म्हणाली आणि पोट धरून हसायला लागली. "नथूकाका मागं पळाला, बाबा! त्याचा लंगोट..." पुढे तिला बोलताच येईना.

म्हशाहून आणलेली चप्पल कुत्र्यानं नेली याचं काळूरामला काही वाटलं नाही. पण हे हसू त्यानं आणलेलं नव्हतं. ते त्याच्या घरात येऊन दुसऱ्याच्या नावानं हसलं जात होतं.

जूनमध्ये प्रज्वल कल्याणला मामाकडे जाणार होता, आयटीआयला. पास झाला तर; आणि तो पास होणार होता, तेवढा हुशार होता. काळूरामनं कॅलेंडरवर रविवार मोजले. नऊ भरले. नऊ रविवारांनी मुलगा जाणार आणि तो नथूकाकाला आठवत बसणार.

म्हणून शनिवारची ती घोषणा. दळण ठेवून तो मुलांसमोर उभा राहिला.

"उद्या आपण वरचा डोह उपसायचा. आपण तिघं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उद्या नथूकाकाकडं ठरलाय, बाबा," प्रज्वल म्हणाला. "खालचा डोह."

"तुमी पन या ना," भाविका म्हणाली.

तेव्हा तो 'येतो' म्हणाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बावीस वर्षं घंटा देणारा माणूस दुसऱ्याच्या तासाला जाऊन बसत नाही.

"मला कामं आहेत," काळूराम म्हणाला.

उजाडता उजाडता तो शाळेत गेला आणि त्यानं आगीसाठी ठेवलेल्या दोन लाल बादल्या काढल्या. आतली वाळू त्यानं एका कोपऱ्यात व्यवस्थित ओतली. बादल्यांवर पांढऱ्या अक्षरांत 'आग' लिहिलेलं होतं. त्या घेऊन तो ओढ्यावर गेला.

एप्रिलमध्ये ओढ्याला करंगळीएवढी धार उरते. ती एका डोहातून दुसऱ्यात उतरते. वरच्या अंगाला दगड-मातीचा बांध घालून ती धार अडवायची, डोहातलं पाणी खालच्या बाजूला उपसून टाकायचं आणि तळाच्या चिखलात उरलेले मासे हातानं धरायचे. खर्च काही नाही. काळूरामचा हिशेब सरळ होता: वरच्या डोहात पाणी जास्त, म्हणून मासे मोठे. टोपली भरली की वळणापलीकडून मुलं आपणहून धावत येतील. नथूला म्हणतील, थांब, बाबानं काय धरलंय बघून येतो.

त्यानं बांध घातला, पॅन्ट काढून फांदीला अडकवली आणि उपसायला लागला.

थोड्या वेळानं वळणाखालून आवाज यायला लागले. नथूचा घोगरा, प्रज्वलचा नुकता फुटलेला, आणि मधूनच भाविकाची किंकाळी. "अरं धर, धर! गेला गो!" मग हसणं. तोंडावर हात न ठेवता.

हसणं ऐकू आलं की काळूराम दोन बादल्या जास्त उपसायचा. ती दहा वेळा हसली तर वीस. आगीच्या बादलीचा तळ गोल असतो. ती खाली ठेवता येत नाही, म्हणून त्याला थांबताही येईना. उन्हं चढली. पाणी कमरेवरून गुडघ्यावर आलं. त्याला हाताच्या जागी फक्त कळा होत्या. पण तळ दिसायला लागला होता, आणि तळाशी काहीतरी वळवळत होतं. काळूरामला वाटलं, हाच तो रविवार.

तेवढ्यात खालून आरोळी आली.

"काका, बांध! बांध फुटला रं!"

मग पाण्याचा भसकन आवाज. मग शांतता. आणि मग चिखलातून पळणारे पाय.

"कोन रं त्यो गाढव वर—"

प्रज्वल वळणावर आला आणि जागच्या जागी थांबला. त्याच्यामागे भाविका. समोर त्यांचा बाप गुडघाभर चिखलात, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, दोन्ही हातांत लाल बादल्या घेऊन उभा होता. एकीवर 'आग' दिसत होतं. दुसरीवरचं चिखलानं झाकलं होतं.

मागून नथू आला. त्यानं डोह पाहिला, बादल्या पाहिल्या, फांदीवरची पॅन्ट पाहिली.

"काळ्या," तो हळूच म्हणाला, "वरचा आधी नाय उपसत रं. आधी खालचा, मंग वरचा. वरचा पानी खालच्यावर जातं ना. तू हितं उपसलास, आमचा बांध फुटला. सगळं मासं गेलं."

"मला कोण सांगणार?" काळूराम एकदम ओरडला. बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. "मी कधी डोहात होतो? तुम्ही सगळे आत असायचे आणि मला काठावर बसवायचे! कपडे राखायला! बारा वर्षांचा होईतो मी कपडे राखले! खालचा काय नि वरचा काय, मला कपड्यांजवळून काय दिसणार?"

मुलं थक्क होऊन ऐकत होती. बाप कधी बारा वर्षांचा होता, हेच त्यांना नवीन होतं.

"खरं हाय," नथू त्यांना म्हणाला. "ह्याला पव्हाया येत नव्हता, म्हणून काकी आत जाऊ द्यायची नाय. पन कपडं लय इमानानं राखायचा. एकदा शेळीनं माझा सदरा खाल्ला, तर ह्यो रडला. माझा सदरा, नि रडतोय ह्यो!"

आधी भाविका फुटली. मग प्रज्वल. तो चिखलातच बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हसायला लागला. काळूरामनं ते हसणं नीट ऐकलं. तेच होतं. ते आज त्याच्यावर होतं हे खरं, पण ते समोर होतं, वळणापलीकडे नव्हतं. त्यालाही थोडंसं हसू आलं. मात्र डोहात उतरताना भाविकानं हात धरला तो नथूचा, हेही त्यानं पाहिलं.

"चला, आता ह्योच उपसू," नथू म्हणाला. "बादल्या झ्याक हायेत तुझ्या. कुठं मिळाल्या?"

"शाळेच्या."

"आग लागली तर?"

"आज रविवार आहे."

हे काळूराम विनोद म्हणून बोलला नव्हता. पण मुलं पुन्हा हसली, आणि त्यानं ते तसंच राहू दिलं.

दुपारपर्यंत डोह कोरडा झाला. मोठे मासे वगैरे नव्हतेच. बोटाएवढे चारपाच मूठ मासे, काही खेकडे आणि सापासारखी एक वाम, जी प्रज्वलच्या हातातून तीनदा सुटली. नथूनं पळसाच्या पानांवर वाटे घातले. त्यांच्यात रीत अशी, की डोहात उतरेल त्याला पुरा वाटा आणि काठावर कपडे राखणाऱ्याला अर्धा. लहानपणी काळूरामनं कायम अर्धाच नेला होता. नथूनं आज चार वाटे सारखे घातले. शेवटचं पान त्याच्याकडे सरकवताना वर एक खेकडा जास्त ठेवला.

"घे. पुरा."

काळूरामनं पान दोन्ही हातांनी घेतलं.

"तुझा बरा हाय बाबा," नथू हात धूत म्हणाला. "सांज झाली की पोरं तुझ्याच घरी जातात. माझ्याकडं नुसता वास राहतो मासळीचा."

काळूरामनं नथूकडे पाहिलं. आपलं बरं आहे, असं आजवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं वरचा तो जास्तीचा खेकडा उचलला आणि नथूच्या पानावर परत ठेवला.

मग त्यानं पॅन्ट घातली, बादल्या धुतल्या आणि पुढे चालायला लागला. पान हातात, छाती थोडी पुढे. मागे मुलं काहीतरी कुजबुजत होती. "तू इचार." "तूच इचार गो." त्याच्या कानावर ते येत होतं, पण त्यानं वळून पाहिलं नाही. बावीस वर्षं तो घंटा देत आला होता. आज पहिल्यांदा घंटेची वाट बघत होता.

"बाबा..." प्रज्वल शेजारी आला.

"काय रे?"

"फुडच्या रविवारी येशील?"

काळूरामनं मान हलवली. त्याला वाटलं, शनिवारी आपण बोललो ते खोटं नव्हतं. एका रविवारात होतात.

"येशील ना? नक्की?" मागून भाविका म्हणाली. ती अनवाणी चालत होती आणि तिची उरलेली एक चप्पल तिच्या हातात होती.

"येतो म्हटलं ना!"

"मग बरा झाला," प्रज्वल म्हणाला. "तो कुत्रा दर येळी येतो. चपलांजवळ बसाया कोनतरी पायजे."