टोमॅटोच्या कुंडीतली कामोणी

मी कामोणी बोलतेय, कुठेही आपसूक उगवणारं तण. नाव ऐकून नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे. टोमॅटो, वांगी, मिरची हे माझे सख्खे चुलत भाऊ. ते बाजारात मानाने बसतात आणि मी दिसले की लोकांचा हात आधी माझ्या मानेकडे जातो. माझा जन्मही काही मिरवण्यासारखा नाही. गॅलरीच्या कठड्यावर एक पाखरू बसलं, शिटलं, आणि मी खालच्या कुंडीत पडले.

त्या कुंडीत धाकटीने टोमॅटोचं बी पेरलं होतं. बी साधंसुधं नव्हे, थोरल्या जावेने दिलेलं. थोरलीच्या गच्चीतल्या टोमॅटोंचं साऱ्या नात्यात कौतुक होतं. धाकटीच्या हातून साधा पुदिनाही जगत नाही, हेही थोरली साऱ्या नात्याला सांगत असे. त्यामुळे या कुंडीत काहीही करून टोमॅटो लागायलाच हवे होते.

रोपं वर आली तेव्हा धाकटी ऑफिसात होती. तिच्या नवऱ्याने, कधी नव्हे ते, मदत करायचं मनावर घेतलं. त्याला बागकामातलं ओ की ठो कळत नाही. जे जोमाने वाढतं ते अस्सल, असा त्याचा सरळ हिशेब. त्याने टोमॅटोची रोपं तण म्हणून उपटली आणि मला ठेवलं. तेव्हापासून माणसांच्या हुशारीवर माझा फार जीव आहे.

मग माझी चैन झाली. रोज पाणी, चहाचा चोथा, आधाराला काठी, काठीला जुन्या ओढणीची चिंधी. धाकटी कामाला निघताना माझ्या पानांवरून हात फिरवत दोन शब्द बोलायची. माझ्याशी गोड बोललेलं ते पहिलंच माणूस, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

पुढे फुलं आली, बारीक आणि पांढरी. टोमॅटोची पिवळी असतात. धाकटीला खटकलं, पण तिने स्वतःची समजूत काढली. मग फळं धरली ती वाटाण्याएवढी, आणि लाल व्हायच्या ऐवजी काळी झाली. धाकटीचा चेहरा उतरला. नवरा पेपरमागे दडला. आपला प्रताप त्याला आठवला होता.

अशातच एका रविवारी थोरली जेवायला आली आणि चप्पल काढून थेट गॅलरीत. मला बघून तिच्या ओठांवर हसू आलं. आता तिचा एक शब्द, आणि मी कचऱ्यात.

"अगं, हे काय लावलंस?"

"तुमचंच बी की, वहिनी," धाकटी म्हणाली. "दिलंत तसंच पेरलं. सासूबाईपण फोनवर विचारत होत्या, थोरलीने असलं कसलं बी दिलं म्हणून."

थोरलीचं हसू जागीच मावळलं. तण म्हणावं तर तिच्याच बियाची शोभा, आणि ती सासूबाईंपर्यंत पोचलेली. तिने एक काळं फळ तोडलं, बोटांत फिरवलं आणि तोंडात टाकलं.

"हां, हा काळा वाण होय," ती म्हणाली. "मुद्दाम दिला होता तुला. कुठे मिळत नाही."

"तरीच. छान लागतो ना?"

"फारच," म्हणून थोरलीने पाणी मागितलं.

"मग तुमच्या गच्चीतही असेलच. सासूबाई पुढच्या महिन्यात तुमच्याकडेच येतायत, त्यांना दाखवा."

"दाखवते की. माझं बी तेवढं संपलंय, मूठभर दे."

नवरा आत टेबल पुसत होता. पुसलेलंच पुन्हा पुसत राहिला.

आमचं आयुष्य एका हंगामाचं. माझी पानं पिवळी पडलीत, देठ सुकलाय, त्याची तक्रार नाही. पण काल धाकटी फोनवर बोलत होती तेव्हा कळलं, थोरलीने जागा करायला आपली फळांनी लगडलेली टोमॅटोची झाडं उपटली आणि तिथे माझी लेकरं लावली. तेव्हा तुम्हांला एकच विनंती, या घरात कधी आलात तर खरं काय ते बोलू नका. या दोघींपैकी एकीला जरी "चुकलं" म्हणता आलं, तरी माझ्या पोरांची धडगत नाही.