विंदार्तीचं बोलकं टर्मिनल

विंदार्तीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण इंडोनेशियातल्या जोगजा शहराच्या त्या ऑफिसात कमांड लिहिण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. माउस आणि चित्रं तिच्या काय कामाची? तिने ऑफिसच्या विंडोज कॉम्प्युटरवर लिनक्ससारखं, नुसत्या टाइप केलेल्या कमांडवर चालणारं टर्मिनल बसवून घेतलं होतं आणि पडद्यावरची ओळ न ओळ वाचून दाखवणारा प्रोग्रामही. बसवताना शेजारची सेकार मदतीला होती, म्हणून पासवर्ड त्या दोघींनाच ठाऊक होता.

त्या सकाळी हेडफोनची वायर कुणीतरी काढून ठेवली होती. विंदार्तीने फाइलींची यादी मागवली, तर कॉम्प्युटर सगळ्यांदेखत मोठ्याने बोलला, "आंधळे, आधी तोंड पूस. सोयाबीनच्या टेंपेचा तुकडा चिकटलाय."

नकळत तिचा हात ओठांकडे गेला. सगळे खो खो हसले. ओठांना काहीच लागलेलं नव्हतं.

"चिडलीस होय ताई? गंमत गं!" पलीकडच्या टेबलावरचा बागास म्हणाला.

"पासवर्ड कुणी दिला?"

 मग सेकारचं नाकातून फुटणारं हसू तिला ऐकू आलं.

साहेब केबिनमधून म्हणाले, "जरा खेळीमेळीने घे की! सगळ्यांशी जमवून घ्यावं माणसाने."

विंदार्तीने टर्मिनलमध्ये घुसवलेली ती ओळ शोधून पुसली, पासवर्ड बदलला आणि कामाला लागली. संध्याकाळी सेकारने रोजच्यासारखं धरायला कोपर पुढे केलं. "चल, बस चुकेल."

विंदार्ती भिंत चाचपत एकटीच निघाली.

"डावीकडे, ताई, डावीकडे!" बागास मागून ओरडला. डावीकडे लोखंडी कपाट होतं. सेकार गप्प राहिली.