नावाआधीचा शब्द

त्या शनिवारी बाबा माझा डबा घेऊन सुरतेतल्या उधन्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आले. मी तिथं शिकवायची आणि फावल्या वेळात आमच्या समाजाच्या मंडळाची वेबसाइट बनवायची. नव्याण्णव साल होतं. कुणी विचारलं, तर मी सांगायची, मंडळाचा फळाच, पण टीव्हीवर दिसणारा. सूचनेचा वर्ग निवडला की त्या वर्गाचं नाव शीर्षकाच्या आधी आपोआप यावा, अशी सोय मी तेव्हाच साच्यात केली होती. लग्न हिरव्या अक्षरांत, नोकरी निळ्या, निधन काळ्या.

"निळा फिक्का झालाय," बाबा म्हणाले. पलसाण्याच्या डाइंग कारखान्यात आयुष्यभर रंग कालवलेला माणूस. तो कारखाना दिवाळीनंतर उघडलाच नव्हता.

"डोळ्यांना बोचू नये म्हणून तसा ठेवलाय, बाबा."

"बरं बाई. मग माझं नाव टाक निळ्यात."

"तुमचं? तिथं सगळी पोरं आहेत."

"पोरांना मास्तर नको का? लिही. भिवा तायडे, रंगमास्तर. काम पाहिजे."

क्लास झाडायला आलेल्या सुंदराबाई हसल्या. "भिवाभाऊ, फोटूबी टाका, एखादं स्थळ येईल."

"मग हिरव्यात जावं लागेल. हिच्या आईला विचारून सांगतो."

मी टाइप केलं. नावाआधी निळ्या अक्षरांत 'नोकरी' उमटलं. कापडाचा रंग सुटतो का ते बघावं तसा बाबांनी अंगठा ओला करून काचेवर घासला.

"पक्काय," म्हणाले.

सोमवारी बाबा पलसाण्याच्या दुसऱ्या कारखान्यांत काम विचारायला निघाले आणि रिक्षा स्टँडवर छाती धरून खाली बसले. दवाखाना गाठता आला नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मंडळाचे धम्मपालकाका म्हणाले, "दीप्ती, वेबसाइटवर टाक. बाहेरगावी गेलेली पोरं तिथंच बघतात."

क्लासमध्ये येऊन बसले, पण नवी सूचना लिहायला हात धजेना. मी जुनीच उघडली आणि फक्त वर्ग बदलला. साच्यानं शिकवलेलं काम केलं. निळा शब्द गेला, काळा आला. पुढचं होतं तसंच राहिलं.

निधन: भिवा तायडे, रंगमास्तर. काम पाहिजे.

सुंदराबाई झाडू थांबवून माझ्याकडे बघत होत्या. शेवटचे दोन शब्द खोडायचे होते, पण बोट पुढं होत नव्हतं. माझा पगार सुरू झाल्यापासून एक वाक्य मनात होतं. त्यांना कमीपणा वाटेल म्हणून मी ते गिळत आले होते. आता मी पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले,

"बाबा, आता काम नका शोधू. मी आहे ना."