गळ्यातली रंभा

गोजरानं रिकामा हंडा गंगूच्या पुढ्यात आणून ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. गंगू ओट्यावर चिंचोके खेळत बसली होती. तिनं हंड्याकडं पाहिलं नाही आणि सावत्र आईच्या तोंडाकडंही नाही. तिची नजर गोजराच्या गळ्यावर जाऊन जराशी थांबली, आणि पोरगी पुन्हा खेळात रमली.

हे रोजचंच झालं होतं. झाडलोट नको, शेणघाण नको, पाण्याचं तर नावच नको. दहा वर्षांची घोडी, पण काम म्हटलं की हिला ऐकूच येत नसे. इकडं गोजराला सातवा महिना लागलेला. मागच्या खेपेला पाचव्यातच पोट पडलं होतं, आणि तेही झऱ्याच्या चढणीवर, डोक्यावर भरला हंडा असताना. आता सुईण तुळजाबाईनं स्पष्टच बजावलं होतं, हंडा उचललास तर मला बोलावू नकोस.

मागच्या दारी कोंडिबा कोयत्याला धार लावत होता. हिरडा घेऊन त्याला पौडला निघायचं होतं, परतायला दोन दिवस. गोजरानं त्याला विनवलं, की जाण्याआधी लेकीला एक शब्द तेवढा बोला, मारू नका, रागावू नका, नुसतं सांगा. तो धार लावतच राहिला.

"तुमची जीभ का वळत न्हाई?"

"तिच्यासमोर कसं बोलू? ती मरताना तिला शब्द दिलाय, पोरीला दुखवनार न्हाई म्हनून."

हे बोलताना त्याचीही नजर गोजराच्या गळ्यावरच होती.

गळ्यात रंभाचा टाक होता. रंभा ही कोंडिबाची पहिली बायको, तापानं गेलेली. दुसरीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला लावायचं, घास आधी त्याच्या नावानं काढायचा, ही घरोघरची रीत. गोजराला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. नखाएवढी तर चांदी! पण ह्या घरात बापलेक बोलायचे ते त्या चांदीशीच. दोन वर्षांत गोजराचे डोळे कसे आहेत ते दोघांनी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. कधीकधी भाकरी थापताना तिला वाटे, राबतोय आपण, नांदतेय मात्र रंभाच. मग धगीपुढं बसूनही अंगावर काटा येई.

ती ओट्यावर परत आली. पोटात बाळानं ढुशी दिली. काय मनात आलं कुणास ठाऊक, गोजरानं टाक मुठीत धरला, डोळे मिटले आणि म्हणाली,

"गंगू, तुजी आय म्हनती, पानी आन."

चिंचोके ओट्यावरून घरंगळले. पोरीचा चेहरा पांढरा पडला. काही न विचारता तिनं हंडा उचलला आणि ती झऱ्याकडं पळत सुटली. एक खेप झाली, दुसरी झाली. मधेच तिनं अंगणही झाडलं, न सांगता. गोजराला हसूच आलं. एवढं सोपं होतं तर! ह्या वेळचं पोर जगणार, असं पहिल्यांदाच तिला मनापासून वाटलं.

तिसऱ्या खेपेला गंगू निघून गेली, तसा कोंडिबा मागच्या दारातून ओट्यावर आला. कोयता मागंच राहिला होता; गोजराचं बोलणं त्याला तिथवर ऐकू गेलं होतं. टाकाकडं बघत तो गोजराच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"माज्यावर रागावली हाय का ती?"

खोटं बोलले मी, असं सांगायला गोजरानं तोंड उघडलं. पण सांगितलं की हंडा पुन्हा तिच्याच डोक्यावर येणार होता.

"न्हाई," ती म्हणाली. "रागावली न्हाई."

कोंडिबाचे डोळे भरून आले. असं मायेनं तो कधी तिच्याकडं बघेल, ह्याची तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती. तो पुढं झुकला आणि दोन बोटांनी टाक हलकेच उचलून धरला.

"मग परत ये की, रंभे," तो म्हणाला. "ह्याच पोटाला ये. आमी दोगं वाट बघतुया."

गोजरानं पोटावर पदर ओढून घेतला.