सात नंबरचा हात

फोन आला तेव्हा तो बसखाली आडवा पडला होता. डेपोतल्या त्या एका गाडीचा हँडब्रेक त्याने सकाळपासून तीनदा बसवला आणि तीनदा काढला होता. हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबला.

"काका, हातमोज्यांच्या कारखान्यातून सुपरवायझर बोलतोय. अकरा नंबरचा हँड तुमच्याच घरचा ना?"

"माझी बायको आहे ती. काय झालं?"

"मशीनवर बसल्या बसल्या कलंडल्या. दवाखान्यात नेलंय. जरा लवकर या."

तो तसाच ग्रीसच्या हातांनी धावला. पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं. डॉक्टर तरुण होता, खाली बघून बोलत होता. हृदय थांबलं, म्हणाला. डावा हात सकाळपासून दुखत असणार, अगदी खांद्यापर्यंत. कोणाला काही बोलल्या नाहीत का?

मेकॅनिकने मान हलवली. ती हो होती की नाही, ते डॉक्टरने विचारलं नाही.

चार दिवसांनी कारखान्यातली कटिंगवाली मावशी घरी आली. बायकोच्या शेजारच्या टेबलावर तिने अठरा वर्षं चामडं कापलं होतं. डोळे पुसत तिने सांगून टाकलं, "दहा वाजता ती सुपरवायझरला म्हणाली होती हो, हात दुखतोय म्हणून. त्याने बामची डबी पुढे सरकवली. म्हणाला, इथे कोणाचा दुखत नाही?"

चूक अशी की ती फक्त त्याच कारखान्यात होऊ शकली असती. मशीनच्या सुईखालून जाड चामडं ओढून ओढून तिथल्या प्रत्येक बाईचा हात दुखायचा. प्रत्येक टेबलावर कात्री, मेण आणि बाम. हात दुखतो म्हणणं म्हणजे पंखा हळू फिरतोय म्हणण्यासारखं. कोणी मान वर करून बघत नसे.

मेकॅनिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी येते. तुम्ही तिथे कोणाच्या तरी नरडीला हात घालाल."

कारखान्याच्या दारात फळा होता. त्यावर खडूने लिहिलेलं, 'एकूण हँड ५१'. एकाखालचा दोन नीट पुसला गेला नव्हता.

"हँड म्हणे!" तो दारातूनच ओरडला. "डोकं नव्हतं तिला? काळीज नव्हतं? तेच थांबलं ना शेवटी!"

सगळी मशीनं थांबली. सुपरवायझर कागद घेऊन पुढे आला. चेहरा पडला होता, पण कागद मात्र सरळ धरला होता. "काका, बसा. एवढा हँडओव्हरचा फॉर्म भरायचा होता. कात्री एक, एप्रन एक. म्हणजे मशीन नवीन हँडला देता येईल."

एका शब्दाला या लोकांनी किती कामाला लावलं होतं! बाई हँड, कागद हँडओव्हर, ती बसायची ते मशीन सेकंडहँड, आणि हा समोरचा मालकाचा राइट हँड. बायको घरी येऊन हे सगळं सांगायची आणि हसायची. त्याला आज हसू येत नव्हतं.

"फॉर्म गेला चुलीत," तो म्हणाला. "मला तिचा हात पाहिजे."

भिंतीवर खिळ्यांना चामडं कापायचे पुठ्ठ्याचे पंजे टांगले होते, मापाप्रमाणे. सात नंबरचा पंजा तिचा होता. अठरा वर्षांपूर्वी बायकांच्या मापाचे मोजे सुरू झाले, तेव्हा तिचा तळवा पुठ्ठ्यावर ठेवून मावशीने पेन्सिल फिरवली होती. लहानपणी मोडलेली तिची करंगळी जरा बाहेर झुकलेली होती, ती तशीच उतरली. तेव्हापासून सात नंबरच्या प्रत्येक मोज्याची करंगळी बाहेर झुकते. गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नाही.

"तो देता येणार नाही," सुपरवायझर म्हणाला. "कंपनीचा आहे. त्यावर काम चालतं."

"माणूस मेलं तर तुमचं काम एक दिवस थांबलं नाही, आणि पुठ्ठ्यावाचून अडतंय? बाम लावून मारलीत तिला! कोणाचा दुखत नाही म्हणालास ना?"

"म्हणालो," सुपरवायझर म्हणाला. "रोज म्हणतो. पण काका, घरून निघतानाच दुखत होता, असंही म्हणाल्या त्या. घरी कोणाला बोलल्या नाहीत का?"

"आवाज बंद!" मेकॅनिक इतक्या जोरात ओरडला की मुलीने त्याचा दंड धरला.

मावशी उठली. तिने पंजा खिळ्यावरून काढला, नव्या पुठ्ठ्यावर ठेवला, पेन्सिल फिरवली, कात्री चालवली. नवा पंजा खिळ्याला अडकवला आणि जुना मुलीच्या हातात दिला. "घ्या साहेब, तुमचं काम अडलं नाही," ती सुपरवायझरला म्हणाली. "आता फॉर्मवर लिहा, पुठ्ठा एक. करा सही तुम्हीच."

सुपरवायझरने सही केली.

बाहेर रस्त्यावर मुलीने पुठ्ठ्यावर आपला तळवा ठेवून बघितला. तिची बोटं जरा लांब होती. मग तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी सकाळी आई तुम्हाला काही म्हणाली होती?"

म्हणाली होती. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, डावा हात खांद्यापर्यंत ओढतोय. तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुमच्या कारखान्यात कोणाचा दुखत नाही? बाम लाव." शब्द तेच. फक्त दोन तास आधी.

"बस आली," तो मुलीला म्हणाला, आणि हात दाखवून त्याने बस थांबवली.

या गोष्टीला सात महिने झाले. पुठ्ठा कपाटात, तिच्या साड्यांवर ठेवला आहे. सुपरवायझर रस्त्यात दिसला की मेकॅनिकचं डोकं अजून फिरतं, आणि तो त्याला अजून नावं ठेवतो, मुलीसमोरसुद्धा. मुलीला खरं सांगायचं राहिलं आहे.