कोंबड्याची खंडेनवमी

गंगाखेडपासून चार कोसांवर, गोदावरीच्या खालच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्यांची सात-आठ घरं होती. त्यातल्या सटवाजीच्या घरात वेळ सांगायला एक कोंबडा होता, आणि तो खरा होता. सत्त्याऐंशी सालच्या पोळ्याला थोरला जावई दत्तराव परभणीहून आला आणि त्यानं पिशवीतून दुसरा काढला.

हा कोंबडा प्लॅस्टिकचा होता. डोक्यावर लालभडक तुरा, पिवळी चोच, आणि पोटाला काचेची खिडकी. खिडकीत काळे आकडे बदलत राहायचे. मागं एक बारकी चाकी होती. ती फिरवून आरवायची वेळ लावायची आणि शेजारचा खटका वर करायचा, की वेळ झाली रे झाली, कोंबडा तीन बांगा द्यायचा. बांगा संपल्या की त्याच्या पोटातून एक बाई नाजूक आवाजात परमुलखातलं काहीतरी बोलायची. दत्तराव परभणीत रेडिओच्या दुकानात कामाला होता. असल्या वस्तू मुंबईहून कुठल्या कुठल्या वाटेनं त्या दुकानात यायच्या.

"मामा, ह्याला दाणे न्हाईत, पाणी न्हाई, खुराडं न्हाई," दत्तराव म्हणाला. "चार सेल टाका, वरीसभर आरवतंय."

सासू धुरपताबाईनं जावयापुढं पदर सारखा केला, पण जीभ काही आवरली नाही. "आंडं देतंय का?"

"मामी, कोंबडा हाय तो."

"मग खुराड्यातलाबी कोंबडाच हाय की. त्याला काय धाड भरली?"

पण वस्तीवरची झाडून सगळी माणसं ती बांग ऐकायला लोटली. पोटातली बाई बोलायला लागली की पोरं खिदळायची आणि म्हाताऱ्या तोंडाला पदर लावायच्या. खऱ्या कोंबड्यानं मात्र याचा फारच त्रास करून घेतला. घरातून बांग आली की तो उकिरड्यावर चढून उत्तर द्यायचा, आतून पुन्हा बांग आली की पुन्हा द्यायचा. एका दिवसात त्याचा घसा बसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जावयाच्या ताटात काय वाढावं हा प्रश्न आला, तेव्हा धुरपताबाई म्हणाली, "एका घरात दोन कोंबडे कशाला?" आणि तो प्रश्न सुटला.

नव्या कोंबड्याचा खरा उपयोग झाला तो धाकट्या लेकीला, कस्तुराला. दोन कोस चालत शाळा करून ती दहावी पास झाली होती. परभणीला नर्सच्या शिक्षणासाठी मुली निवडणार होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, तिला मुलाखतीला बोलावलं होतं. घरात ठरलं होतं ते असं : नंबर लागला तर कस्तुरानं शिकायचं. नाही लागला, तर चांगलं स्थळ चालून आलंय, तुळशीचं लग्न झालं की हात पिवळे करायचे. हे ठरवलं धुरपताबाईनं. सटवाजीनं मान डोलावली होती, पण मनातून तो लेकीच्या बाजूचा होता. तिनं पांढरे कपडे घालून दवाखान्यात फिरावं असं त्याला वाटायचं. का वाटायचं, ते त्याला सांगता आलं नसतं.

घट बसल्यापासून कस्तुरा रोज पहाटे चारला कोंबड्याच्या बांगेसरशी उठून चिमणीपुढं पुस्तक घेऊन बसायची. सटवाजी घोंगडीतून बघायचा. लेक दमायलीय हे त्याला दिसत होतंच, पण कोंबडाही दमायलाय असं त्याला वाटू लागलं. दिवस नाही रात्र नाही, त्याच्या पोटातले आकडे आपले पळतायत.

खंडेनवमीला सटवाजीनं दरसालाप्रमाणं हत्यारं मांडली. कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कातर, घुंगराची काठी. सगळी धुतली, हळदी-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वरीसभर राबलेल्याला एक दिवस विसावा. सटवाजी बॅटरीलाही विसावा द्यायचा. तिचे सेल काढून उन्हाला ठेवायचे, दसऱ्याला सांजच्याला परत घालायचे. उन्हानं सेलात जीव येतो हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

हत्यारांच्या ओळीत त्यानं कोंबडाही मांडला. काचेवर हळदी-कुंकवाची पाची बोटं ओढली, गळ्यात झेंडूची माळ घातली. मग इकडं तिकडं बघून त्याच्या बुडाचं झाकण उघडलं, चार सेल काढले आणि बॅटरीच्या सेलांशेजारी उन्हाला मांडले. "निज बाबा," तो पुटपुटला. "दीड दिस कुनाचं काय अडत न्हाई."

हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण तेवढ्यात मेंढवाड्यातून मेंढीचा ओरडा आला. एक मेंढी विताना अडली होती. कस्तुरा परकर खोचून धावली. हाताला तेल लावून तिनं आडवं आलेलं कोकरू फिरवलं आणि ओढून काढलं. पूजा तशीच राहिली. सणाचे दोन दिवस अभ्यास नको म्हणून तिनं कोंबड्याचा खटकाही आदल्या रात्रीच खाली करून ठेवला होता.

दसऱ्याला सांजच्याला सगळे सोनं वाटायला गावात गेले, तेव्हा सटवाजीनं सेल परत घातले. आत 'टिक' झालं. कोंबडा जागा झाला एवढं त्याला कळलं, आणि त्यानं तो भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. पण ते यंत्र मधला वेळ विसरून दुपारच्या बारापासून नव्यानं मोजायला लागलंय, हे त्याला कुठून कळणार? काचेवर तर हळदी-कुंकू होतं, आणि पूजेचं हळदी-कुंकू कुणी पुसत नाही. निजायच्या आधी कस्तुरानं देवळीत हात घालून चाचपतच खटका वर केला. चाकी चारवर होतीच.

शेजारच्या गावात रात्री एसटी मुक्कामाला असायची. ती साडेपाचला परभणीला निघायची. त्यानंतरची गाडी थेट दुपारी.

पहाटे सटवाजीला आपोआप जाग आली. तो बाहेर आला. मेंढरं वाड्यात चुळबुळ करायला लागली होती. एरवी एवढ्यावर त्यानं घर उठवलं असतं. आज त्यानं देवळीकडं पाहिलं. कोंबडा गप्प होता. 'आरवला न्हाई म्हंजी अजून येळ हाय,' तो मनाशी म्हणाला. 'लेक शिकलेली हाय, खटका लावून निजलीय. आपून अडाण्यानं मधी कशाला पडावं?' आणि तो पुन्हा घोंगडीत शिरला.

कस्तुरा उठली ती लांबून एसटीचा भोंगा ऐकून.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. वेणी अर्धी, चपला हातात. धुरपताबाईनं भाकरी फडक्यात बांधली, देवळीतला कोंबडा माळेसकट उचलला आणि सटवाजीच्या पिशवीत कोंबला.

"हे मढं जावयाच्या माथी मारून या! खरा व्हता तो कापून घातला त्याला, अन् ह्यो दिला बदल्यात!"

बाप-लेक गावात पोचले तेव्हा एसटीची धूळसुद्धा खाली बसली होती. कस्तुरा मारुतीच्या पारावर बसली. सटवाजी धापा टाकत म्हणाला, "चल, सडकेला जाऊ. ट्रक-बिक मिळंल."

"न्हाई, दादा. घरी चला."

"आगं, पन..."

"मला साधा खटका लावता आला न्हाई. कुनाला औषिद किती द्यायचं, कवा द्यायचं, हे माझ्या हाती असनार. मी असंच चुकले तर? मान्सं मारीन मी." तिच्या डोळ्यांतून पाणी नव्हतं आलं, हेच वाईट होतं. "माय म्हनती तेच बरं हाय."

धावताना सटवाजीला चूक कुठं झाली याचा अंदाज आलाच होता. गप्प राहिलं तर घरी जाता येत होतं, कुणी काही विचारलं नसतं. त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"कस्तुरे, खटका तू बराबर लावला व्हतास. मी त्याचे सेल काढले व्हते. नवमीला."

"कामून?"

"इसावा दिला."

"कुनाला?"

"कोंबड्याला. हत्याराला देतो तसा. रोज तुला उठवायलाय, म्हनलं एक दिस निजंल."

कस्तुरा बापाकडं बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडूही. "दादा, कुऱ्हाडीला इसावा, बॅटरीला इसावा, कोंबड्याला इसावा. माय तवा पुरन वाटायली व्हती. तिला कवा दिला वं इसावा?"

सटवाजीनं पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. लेक उठून उभी राहिली होती, ते त्याला पुरलं.

तेवढ्यात व्यंकटराव पाटलांचा ट्रॅक्टर आला. चाकांना हळदी-कुंकू, तोंडाला झेंडूची माळ, आणि वर त्यांचा गडी अंगद. हकिगत ऐकून तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला.

"सटवाजीबापू, कोंबड्याला आंघूळबी घातली का?"

"गप आन् चल."

"न्हाई, इचारतो. आमचा ट्रॅक्टरबी परवा दिसभर निजला व्हता. पन उठला बगा बिचारा."

ट्रॅक्टरनं गंगाखेड गाठलं, तिथून एसटीनं परभणी. नर्सिंगच्या शाळेच्या व्हरांड्यात पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. बाकावर पाच-सहा मुली नीटनेटक्या बसल्या होत्या. दाराशी शिपाई होता.

"नाव पुकारून झालं तुमचं. दोनदा पुकारलं. आता पुढल्या वर्षी या."

"लय लांबून आलाव, साहेब," सटवाजी म्हणाला.

"सगळे लांबूनच येतात, बाबा." शिपाई माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली केला. "एसटी फेल झाली म्हणून सांगा. बाई चांगल्या आहेत, बघू काय म्हणतात. पण दाखवायला काही कारण पाहिजे."

आणि त्याच वेळी कोंबड्याच्या हिशेबानं पहाटेचे चार वाजले.

पिशवीतून अशी बांग उठली की बाकावरची एक मुलगी किंचाळली. दुसरी बांग झाली. सटवाजीनं पिशवी छातीशी आवळली तर आवाज आणखीच मोठा झाला. दार उघडून मोठ्या बाई बाहेर आल्या. पांढरी साडी, नाकावर चष्मा.

"कोंबडं कुणी आणलंय इथं?"

सटवाजीनं कोंबडा बाहेर काढला. गळ्यात सुकलेली झेंडूची माळ, पोटावर हळदी-कुंकू. तिसरी बांग झाली आणि आतली बाई गोड आवाजात बोलायला लागली.

"आणि ही कोण?"

"ती आतली बाई हाय, बाई. रोजच बोलती. आमाला काय कळत न्हाई."

व्हरांडा हसण्यानं भरून गेला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कस्तुराकडं पाहिलं. "उशीर का?"

शिपायानं खोकून खूण केली. कस्तुरानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"आमच्याकडं खंडेनवमीला हत्याराला विसावा देतात, बाई. दादांनी घड्याळालाबी दिला. सेल काढले, परत घातले. रात्री मी आकडे बघायला पाहिजे होते. काचेवर कुंकू होतं, म्हणून पुसलं न्हाई अन् बघितलंबी न्हाई. ती चूक माझी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "दवाखान्यात खंडेनवमी नसते, पोरी. रोगी सण बघून येत नाही."

"मेंढीबी बघत न्हाई, बाई. नवमीलाच एक अडली होती आमची. कोकरू आडवं आलं होतं. पूजा टाकून मीच हात घातला."

"मग?"

"फिरवून काढलं. दोघंबी जगले."

बाईंनी बाकाकडं बोट केलं. "बस तिथं. सगळ्यात शेवटी बोलावते." आणि सटवाजीकडं वळून म्हणाल्या, "ते पाखरू तेवढं बाहेर न्या."

सटवाजी बाहेर लिंबाखाली बसला. पटक्याच्या शेवानं त्यानं काचेवरचं हळदी-कुंकू पुसलं, देवाची माफी मागून. आतले आकडे त्याला वाचता येत नव्हते, पण ते पळताना आज पहिल्यांदा त्याला नीट दिसले. दत्तरावाकडं त्या दिवशी बाप-लेक गेले, भाकरी खाल्ली, पण कोंबडा परत देण्याचा विषय सटवाजीनं काढला नाही. येताना गंगाखेडच्या बाजारातून एक तरणा कोंबडा मात्र घेतला.

धुरपताबाई दारातच उभी होती. "दिला का परत?"

"न्हाई."

"अन् ह्यो दुसरा?"

"दोघं राहू दे. एक चुकला तर दुसरा हाय."

आठ-दहा दिवसांनी दत्तरावाचा निरोप आला. कस्तुराचा नंबर लागला होता. धुरपताबाईनं आधी नाक मुरडलं, मग डोळे पुसले आणि स्थळवाल्यांना काय सांगायचं ते तिचं तिनंच ठरवलं.

पुढल्या खंडेनवमीला कस्तुरा परभणीलाच होती. तिला सुट्टी नव्हती. सटवाजीनं हत्यारं मांडली, बॅटरीचे सेल उन्हाला ठेवले. कोंबड्याच्या फक्त तुऱ्याला कुंकू लावलं, काचेला नाही, आणि बुडाच्या झाकणाला हात लावला नाही. मग तो चुलीपाशी गेला. धुरपताबाई पुरणाची डाळ निवडत होती.

"ऊठ तिथून," तो म्हणाला. "बाहीर बस जराशीक."

"कामून? काय झालं?"

"काय न्हाई. नवमी हाय."

त्यानं चूल फुंकली, शेळीचं दूध घातलं, चहा केला. पत्ती दुप्पट पडली होती आणि गूळ टाकायचा राहून गेला होता. धुरपताबाईनं एक घोट घेतला, नवऱ्याच्या काजळीनं भरलेल्या तोंडाकडं पाहिलं, आणि काहीएक न बोलता कपबशी रिकामी केली. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.