आधी मागणं, मग ख्यालीखुशाली

बाईंनी तो कोर्स पहिल्यांदा आखला तेव्हा त्याला भाग होते, भागांना उपभाग होते आणि उपभागांना तळटिपा होत्या. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर तो वाचून काढला. विमा कंपनीत जन्म गेलेला माणूस. बारीक टाइपाला भीत नसे.

"उत्तम," तो म्हणाला. "दुसऱ्या पानावर झोप आली. म्हणजे दर्जेदार असणार."

"तुला विचारलं कुणी?"

"तूच."

हे खरं असल्यामुळे बाईंनी त्याच्यापुढचं ताट उचललं.

प्रौढ शिक्षण केंद्रात संध्याकाळी येणाऱ्या मंडळींना कामकाजाचा ई-मेल लिहायला शिकवायचं, एवढंच काम. बाई वर्षानुवर्षं तिथे दुसऱ्यांनी आखलेले कोर्स शिकवत आल्या होत्या. हा पहिलाच त्यांचा स्वतःचा. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, एक अट घातली होती: पहिली तुकडी प्रायोगिक. जमलं तर कोर्स कायम, नाहीतर त्या खोलीत साहेबांच्या मेव्हण्याचा 'व्यक्तिमत्त्व विकास' सुरू. मेव्हण्याचं व्यक्तिमत्त्व पोटाच्या बाजूने आधीच बरंच विकसित झालेलं होतं, त्यामुळे अनुभवाचा प्रश्न नव्हता.

पहिल्या दिवशी बाईंनी नमुने वाटले. मंडळींनी ते मान मोडून उतरवले. त्यांतल्या एका वायरमनने तर 'येथे आपले नाव लिहावे' हेही उतरवून पाठवून दिलं.

"अहो, तिथे तुमचं नाव!"

"तुमच्या कागदावर 'लिहावे' होतं. मी लिहिलं."

मग बाईंनी नमुने बाजूला ठेवले आणि सांगितलं, ज्याला खरोखर जे हवंय ते लिहा. इस्पितळात काम करणाऱ्या आयामावशींना सकाळची ड्युटी हवी होती, कारण नातवाला दुपारी शाळेतून आणायला घरात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मेट्रनबाईंना पानभर लिहिलं. त्यात मेट्रनबाईंची तब्येत होती, त्यांच्या आईचा गुडघा होता, वॉर्डाच्या नव्या रंगाचं कौतुक होतं आणि शेवटी होतं, 'बाकी आपण जाणताच.'

"काय जाणतात त्या?" बाईंनी विचारलं.

"सकाळची ड्युटी हवीय ते."

"ते कुठे लिहिलंय?"

"अगं बाई! असं तोंड वर करून कसं लिहायचं?"

बाईंच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. या मंडळींना लिहिता येत होतं. मागता येत नव्हतं. साऱ्यांचा जन्म आडवळणाने मागण्यात गेलेला. उपभाग आणि तळटिपा त्यांनी त्याच संध्याकाळी केराच्या टोपलीत घातल्या. तळटिपांचं थोडं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि एकेकाला बाहेर उभं केलं.

"मी साहेब आहे, मला घाई आहे, मी दार लावतेय. लागायच्या आत काय हवं ते सांगायचं. ख्यालीखुशाली नंतर, फटीतून."

"नमस्कार बाई, त्या दिवशी आपण—" मावशींनी सुरुवात केली.

धाडकन दार.

रांगेतले वॉचमनकाका पोट धरून हसले. "हे झकास! आमच्या गेटावर पण हेच. आधी खानदान सांगतात, मग फ्लॅट नंबर."

त्यांची पाळी आली. "बाई, तुम्ही आज जरा दमलेल्या दिसताय—"

धाडकन.

आठवडाभर बिजागऱ्या कुरकुरल्या. शेजारच्या शिवणवर्गाने तक्रार केली, तीही लेखी आणि बरीच लांबलचक. पण दार लागण्याआधी जे तोंडून निघे, तेच वाक्य मंडळी पळत जाऊन ई-मेलच्या डोक्यावर लिहू लागली. परीक्षाही बाईंनी नवी काढली: ई-मेल खऱ्या माणसाला जाणार आणि उत्तर आलं की पास. मावशींना उत्तर आलं, 'सोमवारपासून सकाळी या. आधी का नाही बोललात?' मावशींनी ते आधी चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा लावून वाचलं, मग वायरमनकडून वाचून घेतलं. वर्गाने टाळ्या पिटल्या. बाई खिडकीकडे तोंड करून उगाचच पडदा सारखा करत राहिल्या. खिडकीला पडदाच नव्हता.

शेवटच्या दिवशी मात्र फलकावर मेव्हण्याच्या वर्गाची सूचना लागली.

"म्हणजे आपला कोर्स बंद?" वायरमनने विचारलं. "साहेबांशी बोललात का?"

"बोलणार आहे ना," बाई म्हणाल्या. "सध्या ते कामात असतात. परवा त्यांना सर्दीही होती. जरा योग्य वेळ बघून, म्हणजे त्यांचा मूड—"

वॉचमनकाका उठले, दारापाशी गेले आणि त्यांनी ते धाडकन लावलं.

बाईंचे कान तापले. मग त्या संगणकापुढे बसल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी लिहिलं: 'हा कोर्स कायम करावा. तो मी आखला आहे आणि यातले सगळे पास झाले आहेत. सर्दी कशी आहे?'

साहेब शेजारच्याच खोलीत होते. उत्तर लगेच आलं: 'आपल्या निवेदनाचा आशय विचारात घेऊन योग्य त्या स्तरावर यथावकाश उचित निर्णय घेण्यात येईल.'

"उत्तर आलं. बाई पास!" मावशी म्हणाल्या.

"हे उत्तर?" काका म्हणाले. "गेटावर कुणी असं बोलला तर मी आत सोडत नाही."

बाईंनी पुन्हा लिहिलं: 'कोर्स कायम? होय की नाही, ते आजच कळवावं.'

या खेपेला बराच वेळ काही आलं नाही. साहेबांचे सगळे नकार आजवर यथावकाशच होत आलेले. समोरून सरळ विचारल्यावर सरळ 'नाही' म्हणायची त्यांना सवयच नव्हती. अखेर पडद्यावर एक शब्द उमटला: 'होय.'

टाळ्यांनी शिवणवर्गाला तक्रारीचा आणखी एक विषय मिळाला.

वायरमन मात्र पडद्याजवळ नाक नेऊन पाहत होता. "साहेबांनी खाली आपलं नाव लिहिलंच नाही."

"असू दे रे," मावशी म्हणाल्या. "नवीन आहेत. शिकतील."

घरी नवऱ्याने दार उघडलं. बाई उंबऱ्यातच थांबल्या, ताठ.

"चहा टाक. माझा कोर्स कायम झालाय," त्या म्हणाल्या. मग चप्पल काढता काढता: "तू कसा आहेस?"